बिटाच्या कडेचा वेग

दिल्लीतल्या कीर्तिनगरच्या फर्निचर बाजारात आज जे काही मांडलेलं दिसतं, त्यातलं बरंचसं सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरीवकामाच्या यंत्रावर, निघालेलं असतं. देवघराच्या एमडीएफच्या जाळ्या, पलंगाच्या उशाकडची नक्षी, दारावरचे कोरीव पॅनेल. या यंत्राचं एक काम मात्र गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. ते म्हणजे माल ठेवायचा स्वतःचा बेड सपाट करून घेणं.

बेडवर एमडीएफचा एक बळीचा तक्ता टाकलेला असतो. त्याला स्पॉइलबोर्ड म्हणतात. माल आरपार कापताना बिट, म्हणजे कापणारं फिरतं हत्यार, त्यात किंचित घुसतो आणि हळूहळू तक्त्यावर चरे पडतात. शिवाय दिल्लीची हवा मे महिन्यात कोरडी ठणठणीत, तर श्रावणात दमट. एमडीएफ ओलावा पितं आणि फुगतं. तक्ता अर्धा मिलिमीटर जरी वर-खाली झाला, तरी उथळ नक्षी एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट उतरते. म्हणून त्याच्यावरून अधूनमधून रुंद सरफेसिंग बिट फिरवावा लागतो. हा बिट निवडताना बहुतेक जण आधी व्यास आणि किंमत पाहतात. माझ्या मते सर्वात आधी पाहायचा तो त्याच्या दांड्यावर, म्हणजे शँकवर, कोरलेला कमाल आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे याचा, आकडा.

कारण साधं गणित आहे. नेहमीच्या 6 मिलिमीटर बिटाची कड 24,000 आरपीएमला सेकंदाला साधारण साडेसात मीटर धावते, म्हणजे ताशी 27 किलोमीटर. त्याच स्पिंडलवर, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरवर, त्याच आरपीएमला 60 मिलिमीटरचा बिट लावला, की कडेचा वेग होतो सेकंदाला 75 मीटर, ताशी 270 किलोमीटर. पडद्यावरचा आकडा बदललेला नसतो, त्यामुळे ऑपरेटरला काही वेगळं घडतंय असं वाटतही नाही.

वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला धरून ठेवायला किती बल लागतं, याचा नियम ख्रिस्तियान हायगेन्सने 1673 साली आपल्या लंबकाच्या घड्याळावरच्या ग्रंथात मांडला. आरपीएम दुप्पट केले, की हे बल चौपट होतं. ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवणाऱ्याच्या मनगटाला हे पुस्तकाशिवाय कळतं. आता बिटावर स्क्रूने बसवलेला कार्बाइडचा इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारं पातं, घ्या. वजन 3 ग्रॅम, मध्यापासून अंतर 28 मिलिमीटर. 24,000 आरपीएमला त्याला जागेवर ठेवायला सुमारे 54 किलो वजनाइतकं बल लागतं. 12,000 आरपीएमला तेच साडेतेरा किलोवर येतं. चांगल्या बिटात इन्सर्टची खाच अशी कापलेली असते, की बाहेर निसटायला वाटच राहत नाही. स्क्रूने फक्त दाबून धरायचं असतं. स्वस्त नकलेत सगळा भार त्या बारीक स्क्रूवर येतो. तो सुटला, तर तुकडा सरळ स्पर्शरेषेत जातो, आणि तिथे कोणाचा डोळा आहे हे तो पाहत नाही.

म्हणूनच लाकूडकामाच्या कटरसाठीचं ईएन 847-1 हे युरोपीय मानक अशा कटरवर कमाल आरपीएम कोरायला लावतं. ज्या मोठ्या बिटावर हा आकडा नाही, तो स्पिंडलच्या कोलेटमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीत, जाऊच नये. ढोबळ मानाने 25 मिलिमीटर व्यासापर्यंत 24,000, 50 पर्यंत 18,000, 60-65 ला 16,000 आणि 75 च्या पुढे 12,000 ही वरची मर्यादा समजतात. तरीही बिटावर यापेक्षा कमी आकडा असेल, तर तोच खरा.

मग आरपीएम कमी केले की झालं? इथे स्पिंडलची मर्यादा आडवी येते. आपल्याकडे सर्रास दिसणारा 2.2 किलोवॅटचा स्पिंडल आपली पूर्ण ताकद 24,000 ला देतो. 12,000 वर ती साधारण निम्मी होते, कारण पीळ, म्हणजे टॉर्क, तेवढाच राहतो: पाऊण ते एक न्यूटन-मीटरच्या मध्ये कुठेतरी. हा पीळ 3 मिलिमीटर त्रिज्येच्या कडेवर जेवढा जोर देतो, त्याचा दहावा हिस्साच 30 मिलिमीटर त्रिज्येवर उरतो. हिशेब केला तर जेमतेम तीन किलो. म्हणून रुंद बिटाने अर्ध्या मिलिमीटरहून खोल घेण्याचा हट्ट धरू नये. हवेने थंड होणाऱ्या, शाफ्टवरच पंखा असलेल्या स्पिंडलला तर फार कमी आरपीएमवर वाराही पुरत नाही आणि तो तापतो.

शँकची जाडीही पाहावी. दांडा 6 ऐवजी 12 मिलिमीटरचा घेतला, तर त्याचा ताठपणा दुप्पट नाही, सोळापट होतो. 6 मिलिमीटर शँकवर 40-50 मिलिमीटरचं डोकं बसवलेले बिट विकायला असतात. ते मला धोकादायक वाटतात. छोट्या यंत्रावरच्या ईआर-11 कोलेटमध्ये जाडजूड शँक मावतच नाही. नोएडा-गुरुग्रामच्या फ्लॅटमध्ये हौसेने छोटा राउटर चालवणाऱ्याने 25 मिलिमीटरच्या वर जाऊच नये.

त्यात गमावतो तरी काय? आठ बाय चारच्या पूर्ण बेडवर 60 मिलिमीटरचा बिट 45 च्या टप्प्याने 27 फेऱ्या घेतो, 25 चा बिट 20 च्या टप्प्याने 61. मिनिटाला सहा मीटरच्या चालीने एक 11 मिनिटांत संपतो, दुसरा 25 मिनिटांत. छोट्या यंत्राचा बेड तर याहून कितीतरी लहान असतो.

इन्सर्ट बोथट झाला, की त्याची दुसरी धार पुढे आणता येते. पण एकच फिरवून बाकीचे तसेच ठेवू नयेत, आणि एक नवा, एक जुना अशी जोडी तर अजिबात नको. 30 मिलिमीटर त्रिज्येवर एका ग्रॅमचा फरक 18,000 आरपीएमला जवळपास 11 किलोचा झटका देतो, तोही सेकंदाला 300 वेळा. तो सोसावा लागतो स्पिंडलच्या बेअरिंगला. आणखी एक गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतात: यातल्या बऱ्याच बिटांना मधोमध धारच नसते. ड्रिलसारखा सरळ खाली उतरवला, तर मधला भाग कापत नाही, नुसता घासतो आणि एमडीएफ जळतं. बिट बेडच्या कडेबाहेरून आत आणावा, किंवा तिरक्या उतारावरून उतरवावा.

दर दोन वर्षांनी ग्रेटर नोएडाला भरणाऱ्या डेल्हीवुड प्रदर्शनात किंवा कीर्तिनगरच्या दुकानात बिट हातात घेऊन पाहता येतो. तिथे शँकवरचा आकडा वाचावा, इन्सर्टची खाच निरखावी, सुटे स्क्रू आणि इन्सर्ट पुढेही मिळतील का ते विचारावं. घरी आणल्यावर पहिल्यांदा तो माल न कापता, कमी आरपीएमवर, बाजूला उभं राहून दोन-तीन मिनिटं फिरवावा. थरथर जाणवली तर लगेच बंद करावा.

सरफेसिंगमध्ये भुसा कमी आणि पिठासारखी धूळ जास्त निघते. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे, आणि एमडीएफच्या डिंकातलं फॉर्मल्डिहाइडही त्याच गटात आहे. थंडीत दिल्लीची हवा आधीच कोंडलेली असते. त्या दिवसांत दार लावून, नाकाला फक्त रुमाल बांधून बेड सपाट करणारे कारागीर फुप्फुसाची मोठी किंमत मोजतात. स्पिंडलभोवती ब्रशचा घेर, त्याला जोडलेला धूळ ओढणारा पंखा, डोळ्यांवर बाजूही झाकणारा चष्मा आणि नीट बसणारा एन-95 मास्क, हे सगळं बिटाच्या खरेदीच्या यादीतच लिहायला हवं.