गेटच्या आत साडेपंधरा लाख, लोकलच्या दारात आठ

१५,५९,८५०. ३२,१३,०००. ८,००,०००. २,००,०००. २५,०००.

हे पाचही आकडे रुपयांतले आणि पाचही एकाच माणसाचे. वय ३०, पगार महिना १५,०००. घरी आई, बायको, दोन मुलं. राहायला सालवडला भाड्याच्या खोलीत, कामाला तारापूर एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यात, तेही ठेकेदाराकडून. माणूस काल्पनिक आहे, आकडे कायद्यातले. हा माणूस रिअ‍ॅक्टरजवळ गेला तर पहिला आकडा. महामार्गावर दुसऱ्याच्या चुकीनं ट्रकखाली आला तर दुसरा. लोकलमधून पडला तर तिसरा. उडवणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर चौथा. आणि सुट्टीच्या दिवशी भलत्याच कारखान्याच्या कुंपणाबाहेर चहा पीत उभा असताना आतल्या स्फोटात सापडला, तर पाचवा. निदान १९९१ साली कायदा झाला तेव्हाच्या तक्त्याप्रमाणे.

आई तीच, पोरं तीच, वाण्याची उधारीही तेवढीच. बदलली ती फक्त मरायची जागा.

पहिल्या आकड्याशी जरा थांबू, कारण बोईसरला त्याची गरज वरचेवर पडते. (वसाहतीचं नाव तारापूरचं, पत्ता बोईसरचा, बाहेरच्या माणसाचा इथे नेहमी गोंधळ होतो.) ८ मार्च २०१८ च्या रात्री स्फोट आणि आग, ३ मृत्यू. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवडे हद्दीत स्फोट, ८ मृत्यू. त्याच वर्षी १७ ऑगस्टला आणखी एक, १ मृत्यू. २६ ऑक्टोबर २०२२ ला ३. २१ ऑगस्ट २०२५ ला औषध कारखान्यात वायुगळती, ४. ही सगळी यादी नव्हे, आठवणीत राहिलेल्या पाचच घटना. त्यांचीच बेरीज १९ होते.

अशा मृत्यूचा हिशेब १९२३ सालच्या कर्मचारी भरपाई कायद्यानं व्हायचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तो कायदा तिच्यात मुरला, पण गणिताची रीत तीच राहिली. पगाराचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकानं गुणायचा. तिशीच्या माणसाचा गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, बरोबर १५,५९,८५०. यात चूक कोणाची हे विचारतच नाहीत. काम करताना, कामामुळे अपघात झाला एवढं पुरतं.

या गणितात एक झाकण आहे. पगार कितीही असो, हिशेबाला धरायची कमाल रक्कम सरकार ठरवतं. ती बरीच वर्षं ८,००० होती. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनं १५,००० झाली. कोलवड्याचा स्फोट ११ जानेवारीचा. मध्ये ८ दिवस. तोच स्फोट २ जानेवारीला झाला असता, तर आपल्या तिशीच्या माणसाचा आकडा ८,३१,९२० वर थांबला असता. एका राजपत्रानं ७,२७,९३० रुपयांचा फरक पाडला. आणि आज एखादा ऑपरेटर ३०,००० कमावत असेल, तर या हिशेबात त्याचाही पगार १५,००० च.

मरण्यापेक्षा जायबंदी होणं जास्त घडतं, आणि तिथला तक्ता वाचायला कठीण जातो. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात. आपल्या माणसाचे १८,७१,८२० होतात, मृत्यूपेक्षा जास्त. हे बरोबरच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जेवायलाही लागतं आणि औषधालाही. त्याखाली अवयवांची यादी येते. अंगठा ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२. एक डोळा गेला आणि दुसरा धड असेल तर ४०. पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली अंगठा गेला की ५,६१,५४६ रुपये. तर्जनी गेली की २,६२,०५५. अंगठा तर्जनीच्या दुपटीहून महाग का, हे ज्यानं एकदा हाताला पट्टी बांधून शर्टाचं बटण लावून पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. तक्ता लिहिणाऱ्यांना हात कसा चालतो हे ठाऊक होतं. मात्र त्या बोटावर माणूस काय काम करायचा, हे तक्ता बघत नाही.

कामगार राज्य विमा योजनेत असला तर रस्ता वेगळा. तिथे एकरकमी काही नाही, अवलंबितांना पेन्शन आहे: सरासरी पगाराच्या ९० टक्के, म्हणजे इथे महिन्याला साधारण १३,५००, वाटून. त्यासाठी मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. १५,००० वर दोघांचे मिळून ६०० रुपये. विमा असला की मालकाकडून वरची भरपाई मागता येत नाही. सुखी कुटुंब कोणतं, यावर वाद घालता येईल. माझं मत पेन्शनच्या बाजूनं आहे, कारण एकरकमी पैशाला भाऊबंद फार असतात.

आता खरी मेख. आपला माणूस ठेकेदाराचा आहे. अपघातानंतर हॉस्पिटलच्या आवारात पहिला प्रश्न येतो तो हाच, की तो ‘आमचा’ नव्हता, ठेकेदाराचा होता. कायद्यात याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीपासून आहे: ज्याच्या कारखान्यात, ज्याच्या धंद्याचं काम चाललं होतं तो मूळ मालक भरपाईला जबाबदार, त्यानं ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. दुसरं, मृत्यूची भरपाई वारसांच्या हातात परस्पर देता येत नाही, ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. मालकाला आगाऊ देता येतं ते फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढं. म्हणजे ‘दोन लाख घ्या, सही करा, गावाला घेऊन जा’ हा जो सेटलमेंटचा प्रकार होतो, त्यातल्या सहीनं मालक मोकळा होत नाही. पण ज्या बाईला नवऱ्याचा देह उत्तर प्रदेशात किंवा जव्हारच्या पाड्यावर न्यायचा आहे, तिला हे त्या रात्री कोण सांगणार?

आणि उशिराचंही गणित आहे. रक्कम महिन्याभरात द्यायची. नाही दिली तर १२ टक्के व्याज, आणि सबबीत दम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. १५,५९,८५० वर १२ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं १५,५९८ रुपये. म्हणजे मालकानं भरपाई अडवून धरली, तर मेलेल्या कामगाराचं व्याज जिवंतपणीच्या पगारापेक्षा ५९८ रुपयांनी जास्त चढतं.

गेटमधून बाहेर पडून चिल्हार रस्त्यानं महामार्गाला लागलं की कायदा बदलतो. सप्टेंबर २०२२ मध्ये महामार्ग पोलिसांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे, घोडबंदर ते दापचरी या १०० किलोमीटरच्या पट्ट्यात त्या वर्षी तोवर २६२ अपघात झाले होते; ६२ मृत्यू, १९२ जखमी. एकट्या चारोटीजवळ २५ गंभीर अपघातांत २६ जण गेले होते. हे आकडे कोणी विचारले नसते, पण ४ सप्टेंबरला चारोटीच्या सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी कठड्यावर आदळली आणि देशाचे कॅमेरे तिथे आले. तीन पदरी रस्ता पुलाशी दोन पदरी होतो, हे मस्तान नाक्यावरच्या टेम्पोवाल्यांना त्याआधीही माहीत होतं.

रस्त्यावरच्या मृत्यूचं गणित सर्वोच्च न्यायालयानं २००९ आणि २०१७ च्या दोन निकालांत बसवून दिलं. वर्षाचा पगार १,८०,०००. वय चाळिशीच्या आत आणि पगार ठरावीक, म्हणून पुढे वाढला असता असं धरून ४० टक्के वाढवायचे: २,५२,०००. घरी चार जण अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा: १,८९,०००. तिशीचा गुणक १७. झाले ३२,१३,०००. अंत्यविधी, सहवास गमावल्याची रक्कम वगैरे वेगळी. इथे पगाराला झाकण नाही आणि पुढची वाढही मोजतात, म्हणून हा आकडा कारखान्याच्या दुप्पट जातो. मात्र समोरच्याची चूक दाखवावी लागते. चुकीच्या भानगडीत पडायचंच नसेल तर १ एप्रिल २०२२ पासून सरळ ५ लाखांची वाट आहे. कंपनीच्या बसला अपघात होऊन कामगार गेला, तर दोन्हींपैकी कोणत्याही कायद्याखाली दावा करता येतो, पण एकाच. निवड वारसांनी करायची. साडेपंधरा की बत्तीस, हे गणित त्यांच्यासमोर कोणी मांडलेलं असेल तर.

गाडी पळाली आणि सापडली नाही, तर २ लाख. १ एप्रिल २०२२ आधी ते २५,००० होते. म्हणजे अंधारात कोणीतरी वाचलेला नंबर प्लेटवरचा नंबर हा ३०,१३,००० रुपयांचा ऐवज आहे. मोबाइलवर जखमीचा व्हिडिओ काढणाऱ्या गर्दीतल्या एकानं कॅमेरा पळणाऱ्या गाडीकडे वळवला, तर त्या घराला जे मिळेल ते कुठल्याही सरकारी मदतीनं मिळणार नाही.

खड्ड्यांचं थोडक्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूला ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख ठरवून दिले, आणि ते पुढे जबाबदार ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले.

रेल्वेचा आकडा सगळ्यांत सोपा. १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख. वय, पगार, पोरंबाळं काही विचारत नाहीत. ही समता कधी कधी उपयोगाची ठरते: पासष्टीच्या रखवालदाराचा कारखान्यातला हिशेब ७,४५,२७५ येतो, लोकलमधून पडला तर ५४,७२५ जास्त. मुंबईच्या उपनगरी जाळ्यावर, ज्याचं एक टोक डहाणूला आहे, २०२४ मध्ये २,४६८ माणसं मेली. पण ८ लाख हे गाडीतून पडलेल्या प्रवाशाला. रूळ ओलांडताना गेलेल्याला याच कायद्यानं शून्य. प्रेत रुळालगत सापडतं तेव्हा तो पडला की ओलांडत होता, हे खिशातून ठरतं: तिकीट होतं का, पास होता का. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं की केवळ तिकीट सापडलं नाही म्हणून दावा फेटाळू नये. वारसांनी प्रतिज्ञापत्रावर हकीकत मांडावी, मग रेल्वेनं खोडून दाखवावी. मोठा दिलासा. तरीही पाकीट चोरीला गेलेल्या प्रेताचा प्रवासी म्हणून दाखला मिळवायला घरच्यांना मुंबईच्या रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या खेपा घालाव्याच लागतात. मुदत एक वर्ष.

उरला पाचवा. भोपाळनंतर संसदेनं १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा केला. घातक रसायन हाताळणाऱ्या कारखान्यामुळे बाहेरच्या माणसाला इजा झाली, तर चूक न विचारता तातडीची मदत. तक्त्यात मृत्यूला २५,०००, औषधपाण्याला १२,५०० पर्यंत, मालमत्तेला ६,०००. सोनं तोळ्याला साडेतीन हजारांच्या आसपास असतानाचा हा आकडा तीन दशकं हलला नाही. अधिक हवं तर दिवाणी न्यायालय किंवा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. तारापूरच्या सांडपाण्यापायी अखिल भारतीय मांगेला समाज परिषद याच न्यायाधिकरणाच्या दारात गेली. पण कायद्याच्या दृष्टीनं कुंपणाला लागून असलेल्या वस्तीतली बाई आणि रिअ‍ॅक्टरवरचा ऑपरेटर यांच्यात एक भिंत आहे. स्फोटाला ती दिसत नाही.

मुदती लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. कामगार भरपाईला दोन वर्षं, रेल्वेला एक, रस्त्याला सहा महिने. या शेवटच्या अटीला आव्हान दिलं गेलंय आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन, तूर्त मुदतीवरून दावे फेटाळू नका, असं न्यायाधिकरणांना सांगितलं आहे. एका कुटुंबात मयताचे दिवस, गावाकडचे विधी आणि मुलांच्या शाळेचं नव्यानं जमवणं यात सहा महिने कसे जातात ते कळत नाही.

शेवटचा प्रश्न वाटेतल्या माणसाचा. घरून कामावर जाताना अपघात झाला तर तो कामावरचा की रस्त्यावरचा? धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीला मोटरसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून ५ किलोमीटरवर गेला. सर्वोच्च न्यायालयानं २९ जुलै २०२५ ला निकाल दिला: वेळ, जागा आणि कामाचा संबंध जुळत असेल तर वाटेतला अपघातही कामातलाच. नव्या संहितेनंही हे लिहून घेतलंय. त्या घराला ठरलेली भरपाई ३,२६,१४० रुपये. १२ टक्क्यांनी २२ वर्षांचं व्याज मुद्दलाच्या अडीचपटीहून जास्त होतं.

म्हणजे आता आपल्या सालवडच्या माणसाला वाटेतही तो पहिला आकडा मागता येईल, त्या दिवशी तो पाळीला होता हे दाखवता आलं तर. ठेकेदारी कामगाराचा गेटपास काही ठिकाणी पाळी सुटताना जमा करून घेतात. रखवालदाराच्या खोलीत, फळीवरच्या नंबर घातलेल्या खिळ्याला तो टांगलेला राहतो. हजेरीचं बुक मुकादमाच्या पिशवीत. पगार रोखीनं. रात्री ११ ला तो अंधारातून घराकडे चालू लागतो तेव्हा त्याच्या खिशात मोबाइल असतो, तंबाखूची पुडी असते, आणि रविवारी नालासोपाऱ्याला बहिणीकडे जाऊन आला असेल तर लोकलचं जुनं तिकीट.