वर्षाचें खातें आणि उभें पीक

डिसेंबर महिन्याचा अखेरचा आठवडा आला कीं सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो : "हें वर्ष कसें गेलें?" वरवर पाहतां हा प्रश्न केवळ क्षेमकुशलाचा. पण उत्तर देऊं लागलें म्हणजे माणूस नकळत मनांतली वही उघडून बसतो. एका बाजूस बढती, मुलीचा विवाह, नवें घर. दुसऱ्या बाजूस आजारपण, मृत्यु, फसलेला व्यवहार, तुटलेली मैत्री. मग खालीं रेघ ओढून 'बरें गेलें' किंवा 'वाईट गेलें' असा निकाल. श्रोतेहो, आज मला बोलावयाचें आहे तें ह्या रेघेविषयीं. ती कोठें ओढावी? आणि ती ओढण्यापूर्वीं जमा कशास म्हणावें व नांवें काय टाकावें, हें कोणीं ठरवावें?

ह्या प्रश्नाचा विचार मी माझ्या गांवाच्या आधारानें करणार आहें. सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढें हें पंढरपूरापासून सात-आठ कोसांवर आहे. दामाजीपंतांचें, चोखोबांचें, कान्होपात्रेचें गांव म्हणून महाराष्ट्र त्यास ओळखतो. बाराव्या शतकांत कलचुरी राजांचें तेथें ठाणें होतें, आणि बसवेश्वरांनीं बिज्जलाच्या पदरीं आरंभीं हिशेबनिसाचें काम केलें तें येथेंच, अशी परंपरा आहे. दामाजीपंत तर सरकारी कोठारांचे अधिकारीच. तेव्हां जमाखर्चाच्या विषयास हें गांव अगदींच परकें नाहीं.

गांवाचें खरें खातें मात्र ज्वारीचें. अलीकडे ऊस आला, डाळिंबाच्या बागा आल्या. तरी गांवाचें नांव अद्यापि ज्वारीवर आहे, आणि २०१६ सालीं मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकनही मिळालें. मालदांडी हा तिचा नामांकित वाण. ह्या रब्बी ज्वारीची रीत खरीप पिकांच्या उलट आहे. पावसाळ्यांत इतरत्र शेतें हिरवीं होतात, तेव्हां येथील खोल काळें रान उघडें पडलेलें असतें आणि नुसतें पाणी पीत असतें. उत्तरा आणि हस्त ह्या नक्षत्रांच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, पेरणी होते. त्यानंतर पाऊस बहुधा नाहींच. मातींत मुरलेली ओल, रात्रीची थंडी आणि थोडेंबहुत दंव एवढ्यावर पीक वाढतें. मार्गशीर्ष-पौषांत तें पोटरीस येतें, निसवतें; मग हुरड्याचे दिवस; आणि माघ-फाल्गुनांत काढणी. काळी माती जितकी खोल, तितकी ती ओल धरून ठेवते. मुरमाड रानांत तीच ओल महिना-दीड महिन्यांत उडून जाते. एकाच पावसावर, एकाच दिवशीं पेरलेल्या दोन शेजारच्या शेतांची दैवें अशीं भिन्न होतात.

आतां ३१ डिसेंबरच्या रात्रीचा विचार करा. शहरांत वर्षाच्या खात्याखालीं रेघ ओढली जात आहे आणि मंगळवेढ्याच्या रानांत पीक उभें आहे. कोठें कणसें नुकतीं बाहेर पडलीं आहेत, कोठें दाण्यांत दूध भरत आहे. ह्या अवस्थेंत मावा पडून चिकटा येऊं शकतो, अवकाळी पाऊस दाणा काळा करूं शकतो, ओल आटून कणीस पोचट राहूं शकतें. आणि ह्यांतलें कांहींच न होतां खळें भरूंही शकतें. त्या रात्रीं कोणी शेतकऱ्यास 'वर्ष कसें गेलें' असें विचारील, तर तो विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहील. मीं एकदां आमच्या वाटेकऱ्यास दूरध्वनीवरून नेमकें हेंच विचारलें. तो म्हणाला, "अण्णा, आत्ताच कसला हिशेब इचारताय? ज्वारी अजून रानात उभी हाय."

वर्ष कोठें संपतें ह्याविषयीं आपल्या देशांत मुळींच एकमत नाहीं, ही गोष्ट आपण विसरतों. व्यापारी वह्यांचें पूजन करतो तो दिवाळींत, आणि त्याचें नवें वर्ष उगवतें तें कार्तिकांतील पाडव्याला. पंचांगाचें वर्ष चैत्रांत. शेतावरच्या सालगड्याचें सालही ह्या चैत्रांतल्या पाडव्यापासून धरण्याची रीत आहे. सरकारी अंदाजपत्रक १ एप्रिलला सुरू होतें, महसुलाचें वर्ष १ ऑगस्टला. म्हणजे एकाच घरांतील तीन माणसें तीन निरनिराळ्या दिवशीं वर्ष मोडतात आणि तिघांचे निकाल वेगळे येतात. कोणतीच तारीख खोटी नाहीं. मात्र प्रत्येक तारीख कशाच्या तरी मध्यावर येऊन पडते.

रेघ कोठें पडते ह्याला मनाच्या व्यापारांतही फार महत्त्व आहे. डॅनिअल कानमन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९३ सालीं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं लोकांना त्यांनीं १४ अंश उष्णतामानाच्या थंड पाण्यांत साठ सेकंद हात बुडवावयास सांगितलें. दुसऱ्या खेपेस तेंच पाणी, तेच साठ सेकंद, आणि त्यापुढें आणखी तीस सेकंद. पण ह्या शेवटच्या तीस सेकंदांत पाणी हळूहळू अंशभर ऊन केलें. मग विचारलें, ह्यांतली कोणती खेप पुन्हां घ्याल? दुसऱ्या खेपेंत एकंदर त्रास अधिक हें उघड आहे. तरी बहुतेकांनीं दुसरीच पसंत केली, कारण तिचा शेवट कमी बोंचरा होता. आपली स्मृति सगळ्या दिवसांची बेरीज करीत नाहीं. ती सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचा क्षण उचलते व त्यावरून साऱ्या काळाला रंग देते. मग शेवट कोठें मानावयाचा हें ठरविणें म्हणजे वर्षाचा निम्मा निकाल आधींच देणें नव्हे काय?

ह्या गोष्टी मला पुस्तकांतून माहीत होत्या. त्यांचा अनुभव आला तो शके १९४५ मध्यें. तें वर्ष २२ मार्च २०२३ ला लागलें आणि ९ एप्रिल २०२४ च्या पाडव्याला संपलें. कारण त्यांत अधिक श्रावण आला होता आणि वर्ष तेरा महिन्यांचें झालें होतें. त्यांतच ऑगस्ट महिना कोरडा गेला. सबंध देशांत १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. ऑक्टोबरच्या अखेरीस महाराष्ट्र सरकारनें चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आमच्या शेजारचा सांगोला होता. 'दुष्काळांत तेरावा महिना' ही म्हण आपण लहानपणापासून सहज वापरतों. खाणारीं तोंडें तींच, कोठींतलें धान्य तेंच, आणि वर्ष मात्र महिन्यानें लांबलेलें, हा तिचा अर्थ त्या वर्षीं गांवांत कोणास समजावून सांगावा लागला नाहीं.

त्याच वर्षीं वैशाखांत आमची आई गेली. आणि आषाढांत, म्हणजे दोन महिने पुरते होण्याच्या आंत, थोरल्या बंधूंनीं व मीं शेताची वाटणी केली. बंधु गांवीं शेती करतात. मी नोकरीच्या निमित्तानें शहरांत आलों तो निवृत्तीनंतरही तेथेंच राहिलों. दादांचें म्हणणें होतें कीं काळें रान आणि मुरमाड रान दोन्ही आडवीं विभागून दोघांनीं निम्मीं-निम्मीं घ्यावीं. मीं हट्ट धरला कीं एकसंध तुकडे करावे : विहीर ज्या मुरमाड भागांत आहे तो त्यांचा, विहीर नसलेलें काळें रान माझें. कागदावर ही वाटणी न्याय्य होती आणि मोजणीच्या दिवशीं पंचांनींही तसेंच म्हटलें. दादा फार बोलले नाहींत.

पेव उघडण्याची आमच्याकडील रीत सांगितली पाहिजे. पेव म्हणजे जमिनींत खणलेली धान्याची कोठी. वर्षभर बंद असलेल्या पेवाचें तोंड उघडलें म्हणजे लगेच कोणी आंत उतरत नाहीं. आंतली कोंडलेली हवा माणसाचा प्राण घेते. तोंड कांहीं वेळ मोकळें ठेवतात, दिवा सोडून पाहतात, तो जळत राहिला तर मग माणूस उतरतो. लहानपणीं मीं हें अनेकदां पाहिलें आहे. आईच्या मागें दोन महिन्यांत वाटणीचे कागद काढतांना मात्र आम्हां दोघांपैकीं कोणासही दिवा सोडण्याची आठवण झाली नाहीं. ती मला व्हावयास हवी होती, कारण घाई माझी होती.

त्या ३१ डिसेंबरला मीं नेहमींप्रमाणें वही काढली. नांवें बाजूस पहिली ओळ आईची. जमेच्या बाजूस नातीची परीक्षा, एक लेख, आणि तिसरी ओळ : 'वाटणी झाली. मनाजोगी.' दरवर्षीं पौषांत दादांकडून हुरड्याचें बोलावणें येतें. वहिनी तीळाची चटणी व गूळ घेऊन रानांत येतात आणि आगटीभोंवतीं सगळें घर बसतें. त्या वर्षीं बोलावणें आलें नाहीं. वहींत त्याची नोंद कोठेंच नाहीं. न घडलेल्या गोष्टीला ओळ कोठून मिळणार?

येथें दामाजीपंतांची कथा निराळ्या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. पंधराव्या शतकांतला, बहामनी अमलांतला दुष्काळ. पंतांनीं सरकारी धान्याचीं कोठारें भुकेल्या लोकांना लुटूं दिलीं. आतां हें वर्ष पंतांनीं कोणत्या बाजूस लिहावें? बेदरच्या दप्तरांत तो उघड अपहार आहे. ज्यांचीं मुलें वांचलीं त्यांच्या लेखीं त्यासारखें भाग्याचें वर्ष नाहीं. पंतांच्या स्वतःच्या खात्यांत तर नोकरी, अब्रू आणि कदाचित् जीवही नांवें पडलेला. लोकांच्या कल्पनेला हें न मिटलेलें खातें सोसवेना, म्हणून आख्यायिकेंत विठ्ठल महाराच्या वेषानें बेदरास जातो, मोहरा मोजतो आणि पावती घेऊन येतो. पावतीचा हा तपशील मला नेहमीं विलक्षण वाटतो. देवानें येऊनही दप्तर पुरें केल्याशिवाय गांवाचें समाधान झालें नाहीं!

चोखोबांच्या वेळीं मात्र असें कोणी पावती घेऊन आलें नाहीं. गांवकुसाच्या कामावर राबत असतां भिंत कोसळून ते आणि त्यांचे सोबती गाडले गेले, तें १३३८ सालीं, असें मानतात. बांधकामाच्या वहींत त्या वर्षीं दगड, माती आणि मजुरीच मांडली गेली असेल. पंढरपूराहून नामदेव आले, त्यांनीं त्या ढिगाऱ्यांतून अस्थि शोधून नेल्या आणि महाद्वाराशीं समाधि बांधली, अशी परंपरा सांगते. ज्या माणसाला जिवंतपणीं देवळाच्या आंत प्रवेश नव्हता त्याच्या आयुष्याचा हिशेब गांवानें न करतां मित्रानें केला.

माघांत काढणीसाठीं मी गांवीं गेलों. वाटेकऱ्यानें अर्धेलीनें केलेलें माझें काळें रान हस्ताच्या अपुऱ्या पावसावरही तगलें होतें. पीक नेहमींपेक्षां उणें, पण कणीस भरलेलें. बांधापलीकडे दादांचें रान. विहीर मार्गशीर्षांतच आटली होती. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली होती, कणसें हातांत घेतलीं तर चुरगळून भुसा. दोन्ही शेतें एकाच आठवड्यांत पेरलेलीं. कागदावरची समान वाटणी मातीनें सहा महिन्यांत विषम करून दाखविली, आणि ती तशी करील हें काळ्या रानांत जन्म काढलेल्या दादांना आषाढांतच ठाऊक असलें पाहिजे.

मळणीयंत्र दुपारीं आलें आणि संध्याकाळीं माझ्या वाट्यास सहा पोतीं आलीं. त्यांतलीं तीन आणि निम्मा कडबा मीं दादांच्या वाड्यावर पाठविला. स्वतः जावयाचा धीर झाला नाहीं, म्हणून पुतण्याच्या हातीं निरोप दिला. तासाभरानें तो परत आला. पोतीं गाडींत तशींच होतीं. म्हणाला, "काका, आबा म्हणाले, वैरण जनावरांची हाय, ती ठेवून घेतली. धान्य तुमचं हाय."

पाडव्याच्या दिवशीं सकाळीं गुढी उभारल्यावर मीं ती वही पुन्हां काढली. 'वाटणी झाली. मनाजोगी.' ही ओळ जमेंतून खोडली. ती नांवें टाकावी म्हणून पान उलटलें, लेखणी टेकली, तोंच आठवलें कीं दादांनीं कडबा ठेवून घेतला आहे. तशीच वही मिटली.