परसातील कीटकनामे आणि छायाचित्राचा पुरावा

कोशातील ‘एक प्रकारचा किडा’ या व्याख्येवरून तो किडा कोणालाही ओळखता येत नाही. ‘भुंगा’ या शब्दाने लाकूड पोखरणारी मोठी काळी माशी जशी निर्दिष्ट होते, तसाच कठीण पाठीचा भुंगेराही. बोलणाऱ्याला यांपैकी कोणता अभिप्रेत होता, हे नुसत्या नोंदीवरून ठरत नाही. घरच्या बागेत घेतलेले छायाचित्र ही उणीव भरून काढू शकते. मात्र ते देखणे असण्यापेक्षा ओळख पटविणारे असले पाहिजे.

ओळखीची लक्षणे कोणत्या बाजूने दिसतात, हे प्रथम ध्यानी घ्यावे. भुंगेऱ्याचे पुढचे कठीण पंख पाठीवर मध्यरेषेत मिळतात. ते वरून घेतलेल्या चित्रात स्पष्ट दिसते. चतुर बसताना पंख पसरतो, तर टाचणी ते बहुधा अंगालगत मिटते. तिचे डोळेही एकमेकांपासून दूर असतात. यासाठी समोरून व बाजूने अशी दोन चित्रे हवीत.

कीटकांची हालचाल उष्णतेवर अवलंबून असल्यामुळे सकाळची थंड वेळ सोयीची. अतिनिकट छायाचित्रात जेमतेम एक-दोन मिलिमीटर खोलीचा भागच रेखीव उमटतो. म्हणून कॅमेरा कीटकाच्या अंगाला समांतर धरावा. कीटक उडून गेल्यावर त्याच जागी फूटपट्टी ठेवून, अंतर न बदलता आणखी एक चित्र घ्यावे, म्हणजे आकाराचे मान मिळते.

खाद्यवनस्पतीही चौकटीत असावी. कढीलिंबावर वाढणाऱ्या लिंबू-फुलपाखराचा सुरवंट आरंभी पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो आणि पुढे हिरवा होतो. त्याच झाडावरील तारीखवार चित्रे नसतील, तर एकाच जीवाच्या दोन अवस्था दोन भिन्न कीटक म्हणून कोशात शिरतील.

चित्र दाखवून नाव विचारताना आपण नाव सुचवू नये. उत्तर मिळेल तसेच, उच्चारासह व गावासह नोंदवावे. प्रौढ मृगाच्या किड्याला आठ पाय असतात. शास्त्रदृष्ट्या तो कीटक नव्हे. परंतु तेवढ्याने लोकांचा शब्द चुकीचा ठरत नाही. ‘किडा’ या शब्दाची व्याप्ती लोकव्यवहारात अधिक मोठी आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. छायाचित्र वस्तू निश्चित करते. शब्दाच्या अर्थाची सीमा मात्र भाषकच ठरवितो. ही नावे जाणणारी पिढी आपल्यात आहे तोवरच या दोन्हींची सांगड घालणे शक्य आहे. पुढे चित्रे राहतील, परंतु त्यांची नावे सांगणारा कोणी उरणार नाही.