ब्रिटनला वळसा, भरतीच्या वेळेने

ब्रिटनच्या मुख्य बेटाचा किनारा किती लांब? ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा खात्याचं उत्तर आहे सुमारे १७,८२० किलोमीटर. पण मोजपट्टी लहान घ्यावी, प्रत्येक खाडीत आणि कपारीत शिरावं, तसतसा हा आकडा वाढतच जातो. बेन्वा मँडेलब्रॉ या गणितज्ञाने १९६७ मध्ये नेमका याच किनाऱ्याचा दाखला देऊन हा पेच मांडला होता. शिडाच्या छोट्या नौकेतून निघालेल्याला एवढ्या फंदात पडायचं कारण नसतं. तो एका भूशिरावरून पुढच्या भूशिराकडे सरळ रेघ ओढतो आणि सोळाशे ते दोन हजार सागरी मैलांत बेटाची प्रदक्षिणा पुरी करतो.

तीस फुटी यॉट, तासाला सरासरी पाच सागरी मैल, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर. कागदावर हिशेब केला तर दोन-अडीच आठवड्यांत काम फत्ते व्हायला हवं. प्रत्यक्षात लोकांचा अख्खा उन्हाळा जातो. काही जण तर नौका हिवाळ्यात कुठल्यातरी बंदरात ठेवून घरी परततात आणि पुढच्या वर्षी तिथूनच निघतात. मधला वेळ वादळांशी झुंजण्यात जातो असं बाहेरच्याला वाटतं. तो जातो वाट पाहण्यात.

वाट कसली, तर भरतीची. उधाण आणि भांग हे शब्द कोकणातल्या कोळ्याला समजावून सांगावे लागत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, अष्टमीच्या आसपास ही चढउतार कमी होते. मुंबईत साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की महापालिका इशारे देऊ लागते. ब्रिस्टल चॅनेलमध्ये उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी सुमारे चौदा मीटर वर-खाली होते! सकाळी जिथे नौका तरंगत होती तिथे दुपारी नुसता चिखल.

त्यामुळे ब्रिटनमध्ये एक खास जातीची यॉट लोकप्रिय झाली. नेहमीच्या यॉटच्या तळाला मधोमध एकच जड कणा असतो; पाणी ओसरलं की ती कुशीवर कलंडते. या नौकांना असे दोन कणे असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. ओहोटी लागली की नौका हळूहळू बसते, चिखलात दोन्ही कणे रुततात आणि ती सरळ उभी राहते. आतला माणूस चहा करून घेतो, शिडी लावून खाली उतरतो, गमबूट घालून तळाला चिकटलेलं शेवाळ खरवडतो आणि पाणी परत यायच्या आत वर चढतो.

पाणी नुसतं चढत-उतरत असतं तर एवढं अवघड नव्हतं. ते आडवं धावतंही. अटलांटिकमधून येणारी भरतीची लाट ब्रिटनला धडकून दुभंगते. एक भाग इंग्लिश खाडीतून पूर्वेकडे जातो, दुसरा स्कॉटलंडला वळसा घालून उत्तर समुद्रात उतरतो. प्रत्येक ठिकाणी भरतीची वेळ वेगळी. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला आणि ऑर्कनी बेटांच्या मध्ये पेंटलंड फर्थ नावाची सामुद्रधुनी आहे. तिच्या एका तोंडाशी पाणी चढलेलं असतं तेव्हा दुसऱ्या तोंडाशी ते उतरलेलं असतं, आणि या उतारावरून समुद्र अक्षरशः नदीसारखा वाहतो. प्रवाहाचा वेग ताशी बारा सागरी मैलांपर्यंत जातो. पाच मैलांच्या वेगाची नौका समोरून गेली तर शीड फुगलेलं, नाळेशी फेस उसळतोय, आणि किनाऱ्यावरचं दीपगृह मात्र मागे जाण्याऐवजी पुढे सरकतंय, असा प्रकार होतो. त्यातच वारा प्रवाहाच्या उलट असेल तर लाटा उभ्या राहून जागच्या जागी फुटू लागतात.

अशा जागांना तिथले दर्यावर्दी ‘टायडल गेट’ म्हणतात. दक्षिणेला पोर्टलंड बिल, पश्चिमेला लँड्स एंड आणि मल ऑफ किंटायर, उत्तरेला पेंटलंड फर्थ. दार ठरावीक वेळीच उघडं असतं. चुकलं तर निदान सहा तास नांगर टाकून बसा. पोर्टलंड बिलपाशी तर दोनच पर्याय. एक, भूशिरापुढची खवळलेली पाण्याची पट्टी टाळून कित्येक मैल दूर समुद्रातून जायचं. दुसरा, खडकांना इतकं खेटून जायचं की किनाऱ्यावर उभ्या माणसाचा चेहरा दिसावा, तोही प्रवाह वळण्याच्या नेमक्या वेळेला. दुसऱ्या वाटेने जाणारा धाडसी वाटतो, पण तो बहुधा रात्रभर कोष्टकं मांडून बसलेला असतो.

कोष्टक चुकलं की काय होतं याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे जॉर्ज ऑरवेल. ‘१९८४’ ही कादंबरी लिहिताना ते स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील जुरा बेटावर राहत होते. या बेटाच्या उत्तरेला कॉरीव्रेकन हा युरोपातला एक अतिशय मोठा भोवरा आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये ऑरवेल लहानग्या मुलाला आणि तरुण भाचा-भाचीला घेऊन छोट्या होडीतून सहलीहून परतत होते. भरतीची वेळ त्यांनी चुकीची धरली होती. भोवऱ्याच्या कडेला होडी हेलकावे खाऊ लागली आणि बाहेरून बसवलेलं इंजिन निखळून समुद्रात पडलं. भाच्याने वल्ही मारत होडी एका खडकाळ बेटाशी आणली. तिथे ती उलटली आणि मुलगा तिच्याखाली सापडला. ऑरवेलनी त्याला बाहेर ओढलं. शेवंडं पकडणाऱ्या कोळ्यांची एक होडी जवळून जात होती म्हणून सगळे वाचले. कादंबरी १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली.

एवढं असूनही हौशी लोक दीडशेहून अधिक वर्षं हा फेरा मारत आले आहेत. आर. टी. मॅकमुलन यांनी १८६३ मध्ये स्वतःच्या यॉटमधून ब्रिटनला प्रदक्षिणा घातली. १८६९ मध्ये ई. ई. मिडलटन सुमारे २३ फुटांच्या ‘केट’मधून एकटेच निघाले, स्कॉटलंडचा उत्तर भाग टाळून कालव्यातून पलीकडे गेले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. जोनाथन रेबन हे लेखक १९८२ मध्ये निघाले आणि नेमकं तेव्हाच फॉकलंडचं युद्ध सुरू झालं. त्यांच्या ‘कोस्टिंग’मध्ये समुद्राइतकीच बंदराबंदरांतल्या लोकांची, त्यांच्या देशाभिमानाची आणि बेकारीची चर्चा आहे. अलीकडे, २०२० मध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलाने आणि २०२१ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीने हा फेरा एकट्याने पूर्ण केला. ब्रिटनमध्ये खासगी हौसेच्या छोट्या नौकेसाठी परवाना सक्तीचा नाही. शिक्षणाची सोय उत्तम, पण शिकायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

१९६६ पासून याची शर्यतही होते: प्लिमथहून निघून आयर्लंडलाही वळसा घालायचा, प्रत्येक नौकेवर दोघंच. १९७० ची शर्यत लेस्ली विल्यम्स यांच्यासह रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी जिंकली. हे नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावं. कुठेही न थांबता, एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. २२ एप्रिल १९६९ रोजी ते ३१२ दिवसांनी फॅल्मथला परतले ते ज्या ‘सुहेली’मधून, ती ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत कुलाब्याला बांधली गेली होती. पुढे नौदलातले दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून २००९-१० मध्ये एकट्याने जगाला वळसा घालायला निघाले, त्याआधी धडे घ्यायला ते याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे गेले होते.

भरतीचं गणित निदान वर्षभर आधी छापता येतं, हवेचं नाही. म्हणून बीबीसी रेडिओ फोरवरचं ‘शिपिंग फोरकास्ट’ ऐकल्याशिवाय नांगर उचलला जात नाही. भोवतालच्या समुद्राचे ३१ विभाग, प्रत्येकाला वारा, समुद्र, हवामान आणि दृश्यता अशी मोजक्या शब्दांची ओळ. १८५९ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटून चारशेहून अधिक माणसं बुडाली, तेव्हा रॉबर्ट फिट्झरॉय यांनी वादळाचे इशारे देण्याची यंत्रणा उभी केली. डार्विनला घेऊन गेलेल्या ‘बीगल’चे कप्तान ते हेच. २००२ पासून त्या ३१ विभागांपैकी एकाला त्यांचं नाव आहे. आणि इशारा न ऐकणाऱ्यांसाठी, किंवा ऐकूनही फसलेल्यांसाठी, १८२४ पासून चालू असलेली आरएनएलआय ही जीवरक्षक संस्था आहे. देणग्यांवर चालणाऱ्या या संस्थेच्या नौकांवर बहुतेक स्वयंसेवकच असतात.

उत्तरेचं टोक नकोच वाटलं तर एक पळवाट आहे. थॉमस टेलफर्ड यांच्या देखरेखीखाली बांधलेला आणि १८२२ मध्ये खुला झालेला कॅलेडोनियन कालवा स्कॉटलंडला तिरका छेदतो. लांबी सुमारे ९७ किलोमीटर, वाटेत २९ लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून नौका वर-खाली नेणारे दारांचे हौद, आणि लॉक नेस हे प्रसिद्ध सरोवर. या वाटेने गेलेला प्रवास खरी प्रदक्षिणा की नाही यावर यॉटवाल्यांचे वाद रंगतात. केप रॅथचं भूशिर आणि पेंटलंड फर्थ वगळून ‘ब्रिटनला वळसा घातला’ म्हणणं जरा सैलच, पण दोन आठवडे वायव्येचा वारा अंगावर घेत एखाद्या ओसाड खाडीत बसण्यापेक्षा कालवा शहाणपणाचा, यात शंका नाही.

स्कॉटलंडची सहल ठरली असेल तर फोर्ट विल्यमजवळच्या बनावीला अर्धा दिवस द्या. तिथे ओळीने आठ लॉक आहेत, ‘नेपच्यूनचा जिना’ म्हणतात त्याला. एका नौकेला तो चढायला साधारण दीड तास लागतो आणि काठाने फुकट चालता येतं. उन्हाळ्यात प्रदक्षिणेवर निघालेली एखादी यॉट बहुधा दिसतेच, आणि लॉकमध्ये पाणी भरेपर्यंत तिच्यावरच्या मंडळींना गप्पा मारायला भरपूर वेळ असतो.