पान उलटून पाहा

सह्याद्रीच्या रानात ओक आपसूक उगवत नाही. मराठी माणसाची या झाडाशी गाठ पडते ती बहुधा नैनिताल-मसुरीकडे, आणि तिथे त्याचा गोंधळ उडतो. कारण चित्रांमधून ओळखीचं झालेलं, नागमोडी कडेचं युरोपी ओकचं पान तिथे दिसतच नाही. उत्तराखंडात ओकच्या पाच जाती आहेत: बांज, मोरू (यालाच कुमाऊंत तिलोंज म्हणतात), खर्सू, रियांज आणि फलियांट. पाचही सदाहरित, पाचांचीही पानं चिवट आणि बहुतेकांच्या कडा कमीअधिक दातेरी. अशा वेळी आपण सवयीने पानाचा आकार बघतो आणि त्यावरून जात ठरवून मोकळे होतो. माझं म्हणणं असं, की ओकच्या बाबतीत जी खूण सर्वांत आधी डोळ्यांत भरते तीच सर्वांत कमी भरवशाची असते.

खर्सूचंच घ्या. त्याच्या लहान झाडांची आणि खालच्या फांद्यांची पानं काटेरी असतात, तर जुन्या झाडाच्या वरच्या फांद्यांवरची पानं सरळ, बिनदाताच्या कडेची. मोरूचंही पान कधी काटेरी, कधी सरळ कडेचं. म्हणजे कडेवरून कळतं ते पुष्कळदा झाडाचं वय किंवा फांदीची जागा, जात नव्हे. त्यापेक्षा पान उलटून पाहावं. बांजाच्या पानाची पाठ पांढुरक्या, दाट लवेने झाकलेली असते; वारा सुटला की अख्खं झाड रुपेरी दिसतं ते त्यामुळेच. हातभिंग लावलं तर ही लव म्हणजे एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या बारीक केसांचे पुंजके आहेत हे दिसतं. रियांजाच्या पानामागे तपकिरी छटेची जाडसर लोकर असते. मोरूचं जून पान दोन्ही बाजूंनी हिरवं, पाठीवर हात फिरवला तर गुळगुळीत. फलियांटाची पाठ निळसर-करडी असते. पण इथेही पान निवडून घ्यावं लागतं. कोवळेपणी खर्सूच्या पानाखालीही तपकिरी लव असते आणि पान जुनं होता होता ती विरळ होते. नुसतं कोवळं पान हाती आलं, तर खर्सूला रियांज म्हणण्याची चूक सहज होईल. म्हणून एका खुणेला दुसरीचा दुजोरा हवा. बांज साधारण 1200 ते 2300 मीटर उंचीवर, मोरू त्याच्या वर, खर्सू बहुधा 2400 मीटरच्या पुढे, आणि फलियांट खालच्या अंगाला ओढ्याकाठच्या ओलसर जागी. पट्ट्यांच्या सीमा एकमेकींत मिसळतात. त्यामुळे उंचीवरून अंदाज बांधावा, निकाल देऊ नये.

यावर कुणी म्हणेल, एकच पक्की खूण शोधावी, एवढ्या उठाठेवी कशाला? अशी खूण आहेही. ओकचं फळ एका वाटीत बसलेलं असतं. फलियांटाच्या वाटीवर एकावर एक चढवल्यासारख्या गोल कड्या असतात, बाकी चौघांच्या वाटीवर बारीक खवले. पण फळ बारा महिने झाडावर नसतं, आणि खाली पडलेली वाटी उतारावरून घरंगळत कुठून आली हे सांगता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की डोंगरातली बाई चारा आणायला जाते ती पानं उलटत बसत नाही, लांबूनच झाड ओळखते. खरं आहे. पण तिच्या नजरेत उंची, उतार, झाडाचा रंग आणि हंगाम या सगळ्यांचा हिशेब आधीच बसलेला असतो. तो आपल्याला एकेक करून मांडावा लागतो, इतकाच फरक. फोनमधल्या अ‍ॅपला मात्र आपण पानाच्या वरच्या बाजूचा फोटो देतो, म्हणजे सर्वांत दुबळा पुरावा. तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ओकच्या जातींमध्ये संकर होतो. ब्रिटनमधल्या दोन देशी ओकांचा संकर तर प्रसिद्धच आहे. मग रेषा आखायची कुठे? माझ्या मते, इथेच अनेक खुणा एकत्र बघण्याची गरज सिद्ध होते. एकाच खुणेवर विसंबणाऱ्याला संकर दिसणारच नाही. खुणा आपसात जुळत नाहीत हे ज्याच्या ध्यानात येतं, त्यालाच शंका येते. अशा झाडाला घाईने नाव देण्यापेक्षा ‘नक्की नाही’ अशी नोंद करणं अधिक प्रामाणिक.

ही काटेकोरपणाची हौस नव्हे. मोरू आणि खर्सूची फळं पावसाळ्यात गळतात, बांजाची हिवाळ्यात. ओकचं बी वाळलं की मरतं, ते साठवून ठेवता येत नाही. खर्सूचं तर बऱ्याचदा झाडावरच रुजू लागतं. रोपवाटिकेसाठी बी गोळा करणाऱ्याने मोरूला बांज समजून हिवाळ्याची वाट पाहिली, तर त्याला झाडाखाली रुजण्याजोगं काही मिळणार नाही आणि त्या वर्षीची लागवड हुकेल. पान उलटायला मात्र काही क्षण पुरतात.