दोन ट्यूब आणि काळे पट्टे

पारनेर तालुक्यातील एका शाळेत आम्ही व्यतिकरण शिकवत होतो. प्रकाशात प्रकाश मिसळला की काही ठिकाणी अंधार होतो, असे सांगताच एका मुलीने विचारले, "मग वर्गात दोन ट्यूब लावल्यावर काळे पट्टे का दिसत नाहीत?" प्रश्न बिनतोड होता.

उत्तर शोधायला आम्ही बंधाऱ्यावर गेलो. काठाच्या घोटाभर पाण्यात, एका पट्टीला बांधलेल्या दोन काठ्या एकाच तालात खालीवर केल्या. दोन्हींचे उंचवटे जिथे एकत्र येत तिथे पाणी अधिक उसळे. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडे तिथे ते जवळजवळ शांत राही. मग काठ्या सोडवून दोन मुलांनी आपापल्या मर्जीने हलवल्या. शांत जागा सारख्या सरकू लागल्या. ट्यूबचेही असेच होते. त्यांतील असंख्य अणू एकमेकांचा ताल न सांभाळता प्रकाश सोडतात. पट्टे इतक्या वेगाने बदलतात की डोळ्यांना सगळीकडे सारखाच उजेड दिसतो.

थॉमस यंगने १८०३ साली यातून वाट काढली. बारीक छिद्रातून आलेल्या सूर्यकिरणात त्याने पातळ कार्ड कडेने धरून किरणाचे दोन भाग केले. कार्डाच्या सावलीत पट्टे उमटले. एका बाजूचा प्रकाश अडवताच ते नाहीसे झाले.

हेच तत्त्व आपल्या जिल्ह्याच्या शिवेपलीकडे, जुन्नर तालुक्यातील खोडदला राबते आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या तेथील रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. रेडिओ लहरी प्रकाशाच्याच कुळातल्या, फक्त त्यांची तरंगलांबी मोठी. दूरच्या दीर्घिकेकडून आलेली एकच लहर दोन अँटेनांना किंचित मागेपुढे गाठते. दोन्ही संदेश एकत्र केले की या फरकावरून दिशा कळते. ३० अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात. २१ सेंटिमीटरच्या लहरींसाठी एकटी अँटेना चंद्रबिंबाच्या साधारण निम्म्या रुंदीपेक्षा बारीक तपशील दाखवू शकत नाही. सुमारे २५ किलोमीटर पसरलेला सबंध संच त्याच्या पाचशेपट बारीक पाहतो!

त्या मुलीला आम्ही सांगितले, "दोन दिवे नकोत, एकाच दिव्याचे दोन रस्ते हवेत." शिक्षकमित्रहो, सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी दोन काठ्या पाण्यात जरूर हलवून पाहा.