चंचल मूल आणि तांबडी भाजी

"डोके तल्लख, पण पोर आळशी!" पेडणे-डिचोलीकडील आईबापांची ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. दर वेळी तो आळस नसतो. लक्ष न टिकणे व अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, हा मेंदूच्या वाढीशी संबंधित दोष आहे. लंडनचे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच अशा मुलांचे वर्णन केले होते.

दूरचे फळ या मुलाला कामाकडे ओढत नाही. "शिकलास तर मोठा होशील" म्हणणे म्हणजे त्याच्यापुढे माडाचे रोप लावणे. नारळ मिळायचा कितीतरी वर्षांनी. त्याला हवी तांबडी भाजी, चार-पाच दिवसांत उगवणारी आणि महिन्याभरात काढता येणारी. (परसात एक वाफा खरोखरच त्याच्या स्वाधीन करावा.) अभ्यासाचेही वाफे लहान पाडावेत: "पाच गणिते सोडव आणि मला दाखव." दाखवताच शाबासकी द्यावी, रविवारपर्यंत थांबू नये.

"गुरांना पाणी दाखव, कोंबड्या कोंड, येताना दप्तर आण" असे एका दमात सांगितले, की पहिल्या कामातच तो हरवतो. जवळ जाऊन एकच काम सांगावे. रोजच्या कामांची चित्रे दारावर चिकटवावीत. छडीने विसरभोळेपणा जात नाही. मूल खोटे बोलायला मात्र शिकते.

घरी व शाळेत दोन्हीकडे सहा महिन्यांहून अधिक काळ असेच चालले, तर आधी कान-डोळे तपासून घ्यावेत आणि मग बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवावे. डॉक्टरांनी औषध दिल्यास शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ते बंद करू नये.